पाटीवरचा ‘माजी’

पत्राचा गोषवारा: पत्रलेखक ६६ वर्षांचे आहेत. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गटातून (मतदारसंघातून) १९९७, २००२ आणि २०१२ असे तीनदा ते जिल्हा परिषदेवर निवडून गेले, अडीच वर्षं एका विषय समितीचे सभापतीही होते. २००७ ला गट महिलांसाठी राखीव झाला तेव्हा ‘सौ.ना उभं केलं, कारभार मीच पाहिला’, असं ते लिहितात. २०१७ ला त्यांचं तिकीट कापलं. पुढे पक्ष फुटला. दोन्ही गट शाल-श्रीफळ घेऊन घरी येऊन गेले, हे कुणाकडेच गेले नाहीत. आता फोन वाजत नाही, लग्नपत्रिकेत नाव नसतं, रात्री तीनला जाग येते. वर्षभरापासून ते आठवणी लिहीत आहेत. दीडशे पानं झाली आहेत. तिकिटं कशी वाटली गेली, कुठल्या कामात कोणी किती टक्के घेतले, सगळं नावानिशी. कृषी सेवा केंद्र चालवणारा मुलगा म्हणतो, ‘हे छापलंत तर मला तिकीट कोण देणार?’ त्यांचे प्रश्न असे: पुस्तक काढावं का, मुलाला राजकारणात जाऊ द्यावं का, आणि या घाणीत घालवलेली तीस वर्षं फुकट गेली का? पत्राखाली सही आहे, ‘एक माजी’.

नमस्कार आप्पा,

तालुका तुम्हाला वेगळ्याच नावाने हाक मारतो, पण ते इथे छापलं तर अर्ध्या जिल्ह्याला पत्ता लागेल, म्हणून आप्पा. पक्षाचं नावही गाळलं आहे. २०२२ मध्ये एक आणि २०२३ मध्ये दुसरा, असे दोन मोठे पक्ष या राज्यात उभे चिरले गेले. त्यामुळे तुमचा पक्ष कुठला ते ओळखायला कोणी बसलंच, तर निम्मे जण चुकतील.

आधी माझं सांगते. सल्ले द्यायला लागण्यापूर्वी मी अकरा वर्षं एका जिल्हा दैनिकात होते आणि झेडपीचं, म्हणजे जिल्हा परिषदेच्या बातम्यांचं, बीट माझ्याकडे होतं. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, सभापतींच्या दालनातला तो अतिगोड चहा, सगळं पाहिलेलं आहे. तेव्हा तुमच्या दीडशे पानांत काय असेल याचा मला अंदाज आहे. तसा तो वाचकांनाही आहे. टक्केवारी चालते हे ऐकून आता शेंबडं पोरसुद्धा चकित होत नाही.

पत्रातली माझ्या मनातून न हटलेली ओळ वेगळीच आहे. ‘फाटकावरच्या पाटीत जागा नव्हती, म्हणून रंगाऱ्याने माजी बारीक अक्षरात वर कोपऱ्यात बसवलं.’ तुम्ही ती रंगाऱ्याबद्दलची तक्रार म्हणून लिहिली आहे. मला वाचताना आधी हसू आलं, मग गलबललं. पाटी नवी करून घेता आली असती की. पाटी काढूनही टाकता आली असती. पण तुम्ही ‘सदस्य’ हा शब्द तेवढ्याच मोठ्या अक्षरात ठेवलात आणि येता-जाता त्या कोपऱ्यातल्या दोन अक्षरांकडे बघत राहिलात.

फोनचं घेऊ. ‘दिवसाला शंभर फोन यायचे, आता फक्त गॅसवाल्याचा येतो.’ ते फोन आपल्याला येत होते, असं तुम्ही धरून चालला आहात. ते गटाच्या सदस्याला येत होते. शिक्षकाची बदली, अंगणवाडीतली भरती, विहिरीचं प्रकरण बीडीओंच्या (गटविकास अधिकाऱ्यांच्या) टेबलावर अडकलंय, डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालाय. (डीपीचा झेडपीशी काडीचा संबंध नसतो, तरी फोन सदस्यालाच.) माणसं कृतघ्न निघाली, असं तुम्ही म्हणता. माझ्या मते ती हिशेबी निघाली, आणि ज्याच्याकडे तालुक्याला दोन हेलपाटे घालायला एसटीचे पैसे नसतात त्याला हिशेबी असावंच लागतं. ज्याच्या शब्दाने काम होतं त्याच्या दारात तो जाणार. १९९७ मध्ये तुमच्या आधीच्या सदस्याच्या ओसरीवरची गर्दी उठून तुमच्या ओसरीवर आली. त्यानंतर तुम्ही त्या माणसाकडे किती वेळा गेलात? दिवाळीला तरी?

हे टोचावं म्हणून लिहीत नाही. पण तीस वर्षं फुकट गेली का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर याच गर्दीत आहे. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, निवडणुका लांबलेल्या, आणि कारभार प्रशासकाकडे. प्रशासक म्हणजे सीईओच, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी. एका रात्रीत शेकडो सदस्य तुमच्यासारखे माजी झाले. मला वाटलं होतं, लोकांना सुटल्यासारखं वाटेल. रोजची भांडणं नाहीत, सभात्याग नाहीत, फायली सरळ पुढे जातील. पण गावोगाव ऐकू आलं ते निराळंच. साहेब चांगले आहेत, पण ते जिल्ह्याला बसतात, भेटायला चिठ्ठी पाठवावी लागते, आणि मुख्य म्हणजे त्यांच्यावर चिडता येत नाही. सदस्यावर चिडता येतं. एसटी स्टँडवर, मयतीला, बाजारात त्याला गाठून ‘टँकरचं काय झालं?’ असं चारचौघांत विचारता येतं. तीस वर्षं तुम्ही असे गाठले जाणारे माणूस होतात. हे काम कुठल्याही शासन निर्णयात लिहिलेलं नाही, पण ते थांबलं की गावाला कळतं.

म्हणून तुमच्या ‘घाण’ या शब्दाशी माझं भांडण आहे. पक्षीय राजकारण घाण आहे असं म्हणणारे बरेच जण मला भेटले, आणि आश्चर्य म्हणजे त्यातल्या बहुतेकांना हा साक्षात्कार तिकीट कापल्यावर झाला. तुमचंही तिकीट २०१७ ला कापलं गेलं आणि वही तुम्ही त्यानंतर उघडली. याचा अर्थ वहीतलं खोटं आहे असा नाही. पण वाचणारा हा हिशेब मांडणारच, तर तो तुम्ही आधी मांडलेला बरा. दुसरं, जिच्या शेवटच्या टोकाला धनगराच्या चार झोपड्या आहेत ती वाडी रस्त्याच्या आराखड्यात येते ती सहसा पक्षामुळेच येते. कुणाला तरी तिथली साठ मतं हवी असतात. हा व्यवहार उदात्त नाही, पण साठ मतांना किंमत देणारी दुसरी यंत्रणा मला तरी माहीत नाही.

राजकारणातून बाहेर पडण्याच्याही तऱ्हा असतात. नानाजी देशमुख हिंगोलीकडच्या कडोळीचे. १९७७ ला बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले, मंत्रिपद नाकारलं आणि पुढच्याच वर्षी, साठीला टेकल्यावर, सक्रिय राजकारण सोडून उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्याच्या खेड्यांत आणि नंतर चित्रकूटला जाऊन बसले. मधू लिमये पुण्याचे, निवडून यायचे बिहारमधून. त्यांनी १९८२ च्या सुमारास पक्षकार्य थांबवलं आणि शेवटपर्यंत लिहीत राहिले. एक संघाचे, दुसरे समाजवादी, एकमेकांचे कडवे विरोधक. दोघांनी आपण होऊन दार ओढून घेतलं. तुमच्या बाबतीत दार दुसऱ्याने लावलं, आणि तुमचा सगळा राग त्या कडीवर आहे. उलट सांगोल्याचे गणपतराव देशमुख. शेतकरी कामगार पक्ष डोळ्यांदेखत आटत गेला, तरी एकाच पक्षातून अकरा वेळा आमदार. मधे १९७२ आणि १९९५ ला पडलेही, पुन्हा उभे राहिले. २०१९ ला वयामुळे थांबले. सोडणं आणि न सोडणं या दोन्ही गोष्टी सन्मानाने करता येतात, एवढंच मला म्हणायचं आहे. तुम्ही यातलं काहीच केलेलं नाही. सात-आठ वर्षं उंबऱ्यात उभे आहात.

आता पुस्तकाकडे येते.

तुम्ही लिहिता, पहिली चाळीस पानं बालपण, दुष्काळ, विद्यार्थी चळवळ. मग नव्वद पानं ‘त्यांची’. उरलेल्या वीसांत तुमची सभापतिपदाची अडीच वर्षं. हे वाचून मला यशवंतराव चव्हाण आठवले. त्यांच्या आत्मचरित्राचा पहिला भाग १९८४ मध्ये आला आणि १९४६ ला येऊन थांबला, ते पार्लमेंटरी सेक्रेटरी होऊन मुंबईला निघाले तिथे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते गेले. पुढचे भाग राहिले ते राहिलेच. नदीकाठचं लहानपण फार सुंदर उतरलं आहे. पण खुर्चीवर बसल्यावर त्या माणसाच्या मनात काय चालायचं, कुठे पटत नसताना मान डोलवावी लागली, हे वाचायला महाराष्ट्र थांबला होता. त्यांना वेळ मिळाला नाही. तुमच्याकडे वेळ आहे, तरी अडीच वर्षांना तुम्ही वीस पानं दिली आहेत, आणि त्या वीसांत, तुमच्याच शब्दांत, ‘केलेल्या कामांची यादी’ आहे.

तर माझं म्हणणं हे, की पुस्तक जरूर लिहा, पण ती नव्वद पानं बाजूला ठेवा. फाडू नका, कपाटात ठेवा. दुसऱ्याने किती घेतले हे तुम्हाला ऐकून माहीत आहे. तुम्ही काय केलंत, हे मात्र तुमच्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाही. सेस फंडातली, म्हणजे झेडपीच्या स्वतःच्या पैशातली, कामं तुमच्या गटात कुठल्या गावाला गेली आणि कुठल्या गावाला नाही, त्यामागे मतदानाची आकडेवारी होती का? ठेकेदाराची फाइल समोर आली तेव्हा तुम्ही काय बोललात? एखाद्या वेळी काहीच न बोलता सही केलीत का? सही करताना पोटात काय झालं? निवडणुकीचा खर्च कुठून उभा केलात? तुम्ही ओझरतं लिहिलं आहे की १९९७ साठी दोन एकर गहाण टाकली आणि ती २००४ ला सुटली. कशी सुटली? झेडपी सदस्याला पगार नसतो, जे मानधन आणि भत्ते मिळतात त्यात गाडीचं डिझेलही भागत नाही, आणि माजी आमदाराला असते तशी पेन्शनही त्याला नाही. मग सात वर्षांत दोन एकर जमीन सोडवायला पैसे कुठून आले, हे एक प्रकरण नीट लिहिलंत, तर नव्वद पानांपेक्षा जास्त राजकारण त्यात येईल. उत्तर स्वच्छ असेल तर उत्तमच. नसेल तर ते लिहायला जास्त धैर्य लागेल, पण दुसऱ्यांची नावं घेण्याचा अधिकार तुम्हाला त्यानंतरच मिळेल.

काही व्यवहाराच्या गोष्टी. अशा वह्या घेऊन बसलेले माजी नगरसेवक, माजी सरपंच, साखर कारखान्यांचे माजी संचालक मला बरेच दिसतात, त्यांनाही उपयोगी पडतील.

स्मरणावर विसंबू नका. एका सभेत एका सदस्याने माईक फेकल्याचं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना रंगवून सांगत होते. नंतर माझंच कात्रण सापडलं. माईक बंद पडला होता, एवढंच. सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं असतात, २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करून त्यांच्या प्रती मागता येतात. तुमच्या कार्यकाळातल्या पाच-सहा महत्त्वाच्या सभांची मागवा. त्यात तुम्ही कुठल्या ठरावाला अनुमोदन दिलंत ते बघा. तुम्हाला धक्का बसेल अशी माझी पैज आहे. सगळ्यांना बसतो.

आणि कायदा. खरं आहे म्हणून छापलं, असं म्हणून फौजदारीतून सुटता येतं हा गैरसमज आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३५६ प्रमाणे अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि मजकूर खरा असणं पुरत नाही, तो छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. वारलेल्या माणसाबद्दल लिहिलं तरी त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने लिहिलं असं ठरलं, तर गुन्हा होऊ शकतो. तुमच्या नव्वद पानांतले निम्मे लोक आता हयात नाहीत, म्हणून सांगितलं. छापायच्या आधी फौजदारी बघणाऱ्या वकिलाला दाखवा, गावातल्या नोटरीला नव्हे. नावं वगळून पदं ठेवली तर चालेल का, असं तुम्ही विचारलं आहे. जिल्ह्यात बांधकाम सभापती एका वेळी एकच असतो, आप्पा.

तुमच्या पत्रात एका ओळीत आलेला आणि एका ओळीतच गेलेला एक माणूस आहे. २०१२ ला तिकिटाचा शब्द त्याला दिलेला होता. पंचवीस वर्षं त्याने तुमच्या सभांच्या सतरंज्या टाकल्या, पोलचिटा वाटल्या, बूथवर रात्री जागवल्या. ऐन वेळी एबी फॉर्म, पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, तुमच्या नावाने आला. ‘पुढच्या वेळी तुझं’, असं तुम्ही म्हणालात आणि पुढच्या वेळी तुमचंही कापलं गेलं. आता त्याची स्टँडवर टपरी आहे आणि तुम्ही पान दुसरीकडून घेता.

तुमचं तिकीट कापणाऱ्या नेत्यावर सतरा पानं आणि या माणसावर एक ओळ. हे प्रमाण तुम्हाला दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

त्याच्याकडे जा. वही घेऊन नाही, कोणाला बरोबर घेऊन नाही, आणि मोठी माफी वगैरे मागायचा बेत करून तर अजिबात नाही. राजकारणातल्या माणसाला माफीसुद्धा सभेसारखी मागायची सवय असते. दुपारी टपरीवर गर्दी नसते तेव्हा जा. तो बोलणार नाही कदाचित. पान बांधून देईल, पैसे घेईल. तरी दुसऱ्या आठवड्यात परत जा. आणि त्याचं प्रकरण लिहायचं असेल तर त्याला विचारल्याशिवाय लिहू नका. आयुष्यभर त्याने तुमची पत्रकं वाटली, आता तुमच्या पश्चात्तापाचं पत्रक त्याने व्हावं हे बरोबर नाही.

मुलाबद्दल. ‘मला तिकीट कोण देणार?’ या वाक्याने तुम्ही दुखावलात, कारण त्यात तुम्हाला स्वार्थ दिसला. मला त्यात निदान लपवाछपवी दिसत नाही. तिकीट कसं मिळतं हे तो तुमच्याच घरात शिकला. त्याला जाऊ द्यावं का, हा प्रश्न मला थोडा गमतीचा वाटतो. तो चौतीस वर्षांचा आहे. परवानगी देणारे तुम्ही कोणी नाही आणि ती न देण्याची सोयही तुमच्याकडे नाही. तुम्ही त्याला हिशेब देऊ शकता. एका संध्याकाळी बसा आणि १९९७ पासूनच्या प्रत्येक निवडणुकीला घरातून नेमके किती गेले, कुणाकडून किती उसने आणले, कोणी दिले ते कशाच्या बदल्यात, हे आकड्यांत सांगा. त्याच्या शाळेचं कुठलं संमेलन चुकलं तेही सांगा, म्हणजे त्याला माहीतच असेल, पण तुम्हालाही माहीत आहे हे त्याला कळू द्या. मग त्याला एकच विचारा: गटातल्या कुठल्या तीन कामांसाठी तुला सदस्य व्हायचं आहे? नावं सांगता आली, तर त्याला मदत करा. ‘आपलं नाव टिकलं पाहिजे’ असं म्हणाला, तर ती तुमचीच इच्छा त्याच्या तोंडून येते आहे का, ते तपासा.

गणपतरावांच्या घरातही पुढची पिढी उतरली. २०१९ ला नातू अगदी थोडक्यात पडला, २०२४ ला दुसरा नातू निवडून आला. वारसा म्हणजे वाईटच असं मी मानत नाही. तुम्ही तिकिटासाठी कुणाचा हात धरलात आणि कुणाचा सोडलात, हे मात्र त्याला आधी कळायला हवं. आणि ते त्याला छापील पुस्तकातून कळू नये. वहीचा पहिला वाचक तो असू द्या. पुस्तक कधी काढायचं यावर त्याच्याशी तडजोड करायला हरकत नाही. पुस्तकात काय असावं यावर मात्र नाही.

ते दोन गट शाल घेऊन आले, त्याबद्दल फार लिहीत नाही. दोघांनाही फ्लेक्सवर एक जुना चेहरा हवा आहे. तुम्हाला जायचं असेल तर जा, त्यात पाप नाही, पण गावाची दोन कामं त्यांच्याकडून आधी मंजूर करून घ्या आणि फोटो नंतर द्या. प्रशासकीय मान्यतेचा कागद हातात आल्यावर. हे तुम्हाला मी शिकवायचं, म्हणजे कमालच झाली. नसेल जायचं तर दोघांना तसं स्पष्ट कळवा, म्हणजे उंबऱ्यात उभं राहणं संपेल. तिसरी एक जागा आहे, तिथे तिकीट लागत नाही. तुमच्या गावची ग्रामसभा. २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला, २ ऑक्टोबरला बहुतेक गावांत पंधरा माणसं जमतात आणि ग्रामसेवक वाचेल त्याला माना डोलवून चहा पिऊन उठतात. अंदाजपत्रकातला पैसा कुठल्या लेखाशीर्षातून कुठे वळतो, तांत्रिक मान्यता कुठे अडते, मोजमाप पुस्तिकेत काय बघायचं असतं, हे त्या पंधरांत कोणाला येत नाही. तुम्हाला येतं. मागच्या रांगेत बसा. पहिल्या दोन सभांत बोलूच नका, खूप अवघड जाईल, पण नका. तिसऱ्यांदा कोणी पोरगं एखाद्या बिलाबद्दल विचारायला उठलं, तर त्याला नेमका कुठला कागद मागायचा तेवढं हळूच सांगा.

रात्री तीनला जाग येते, जेवण कमी झालं आहे, आणि ‘सगळ्याचा वीट आला’ हे वाक्य पत्रात तीनदा आहे. हे पदाचं दुःख आहे म्हणून सोडून देऊ नका. महिनाभरात डॉक्टरांना दाखवा आणि झोपेचंच नाही, हेही सांगा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही दुसऱ्यांसाठी सिव्हिल हॉस्पिटलला शेकडो फोन लावलेत, हा एक स्वतःसाठी लावा.

शेवटची गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवली होती. तुमच्या सहा पानी पत्रात वहिनी दोनदा येतात. एकदा ‘सौ.ना उभं केलं’, आणि एकदा ‘सौ. काही बोलत नाहीत’.

त्यांना २००७ मध्ये उभं केलं ते आरक्षणामुळे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागा दिल्या होत्या, निम्म्या जागांचा कायदा राज्यात २०११ ला आला. त्या काळातल्या सभा मी पाहिल्या आहेत. आत सदस्या आणि बाहेर व्हरांड्यात त्यांचे यजमान, हातात फायली, दर पंधरा मिनिटांनी शिपायाबरोबर चिठ्ठी आत. आम्ही पत्रकार त्याची टिंगल करायचो. आम्ही त्या बायकांशी बोलत मात्र नव्हतो. प्रतिक्रिया हवी असली की मीही व्हरांड्यातच जायचे, बाई असून. त्याची लाज मला आज वाटते. त्यातल्या काहींनी दुसऱ्या वर्षापासून चिठ्ठ्या न उघडता पर्समध्ये टाकायला सुरुवात केली होती. वहिनी त्यातल्या होत्या का, मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?

‘कारभार मीच पाहिला’, असं तुम्ही लिहिता. पण हजेरीवर सही त्यांची आहे, ठरावाच्या बाजूने हात त्यांचा वर झाला आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या पाच वर्षांच्या सदस्या त्या आहेत, तुम्ही नाही. फाटकावरच्या पाटीवर ‘माजी सदस्या’ म्हणून त्यांचं नाव आहे का? पत्रावरून तरी दिसत नाही. दीडशे पानांत ती पाच वर्षं कुठे आहेत, तेही दिसत नाही. वहिनी काही बोलत नाहीत याचा अर्थ तुम्ही नापसंती असा लावला आहे. मला वाटतं, त्यांना कोणी विचारलेलंच नसावं.

तेव्हा यावेळी रंगाऱ्याला बोलावण्याआधी एक वही विकत आणा, तुमचीच अर्धी भरलेली नको, कोरी. ती वहिनींना द्या. मोठे प्रश्न विचारू नका. पहिल्या सभेला कोणतं लुगडं नेसल्या होत्या, कोणत्या रांगेत बसल्या, शेजारी कोण होतं, चिठ्ठीत मी काय लिहून पाठवायचो, त्यातलं काय तू ऐकलंस, एवढंच विचारा. आणि त्या सांगत असताना ‘तसं नव्हतं ते’ असं मधेच म्हणू नका. त्यांनी लिहिलं आणि त्यांची हरकत नसली, तर त्यातली दोन पानं मला पाठवा. पण त्यांच्या अक्षरातली.